सात नावांचा संगणक

संगणक बिघडला की मधुकरराव खटावकरांना बरं वाटायचं. तसं ते कबूल करत नसत. कपाळाला आठ्या घालून, "काहीतरी गडबड दिसतेय," असं म्हणत ते खुर्ची पुढे ओढत. पण त्या खुर्ची ओढण्यातच असा काही उत्साह असे की बनशंकरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो लपणं कठीण होतं.

साताऱ्याहून ते बेंगळुरूला आले ते रडार बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात, आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या गुणवत्ता तपासणीत राहिले. त्यांचा एकच मंत्र होता. संशय आला की यंत्र उघडायचं, शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटं करायचं आणि पहिल्यापासून जोडायचं. शिवाय प्रत्येक सूचना मोठ्यानं वाचायची, मगच पुढचं बटण दाबायचं. या मंत्रापायी हाताखालची माणसं वैतागायची, पण त्यांच्या सहीचं यंत्र कधी परत आलं नाही. निवृत्तीनंतर मंत्र शिल्लक राहिला आणि रडार गेलं. घरात उघडण्यासारखं मिक्सर आणि संगणक एवढंच होतं. मिक्सर एकदा उघडून झाला होता. तो बंद करताना एक स्प्रिंग बाहेरच उरली, तेव्हापासून त्यांच्या पत्नीनं, सुलभाताईंनी, त्यांना मिक्सरला हात लावायची बंदी घातली होती. राहिला संगणक.

तो जरा रेंगाळला, पंखा जरा मोठ्यानं फिरला, की मधुकरराव सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं घालायला बसत. पडद्यावरची पट्टी भरत भरत शंभर टक्क्यांवर पोचली की त्यांना काहीतरी हातावेगळं केल्याचं समाधान मिळे. निवृत्त माणसाच्या दिवसात शंभर टक्क्यांवर पोचणारं दुसरं असतंच काय? हे त्यांचंच म्हणणं. स्वतःवर हसायला ते कधी कमी पडत नसत. फक्त हसून झालं की पुन्हा तेच करत.

"बाबा, सर्दी झाली म्हणून कोणी पुनर्जन्म घेत नाही," असं त्यांचा मुलगा आशय सांगायचा. तो सर्जापूर रोडला राहायचा आणि स्वतः सॉफ्टवेअरमध्ये होता, त्यामुळे मधुकरराव त्याचं ऐकत नसत.

नवी सिस्टीम घातली की ती शेवटी विचारते, या संगणकाचं नाव काय ठेवायचं? तिथं आपसूक येणारं आकड्यांचं नाव तसंच ठेवणं मधुकररावांच्या जिवावर यायचं. नवं यंत्र, नवं नाव. पहिल्या वेळी त्यांनी अर्थातच 'मधुकर' ठेवलं. पुढं त्या त्या दिवशी ज्या माणसाबद्दल मनात माया दाटून आलेली असेल, त्याचं नाव. हा सगळा बारशाचा थाट खोलीचं दार लावून चालायचा, त्यामुळे सुलभाताईंना त्याचा पत्ता नव्हता. बाहेरून त्यांना हाक यायची ती फक्त, "अगं, चहा होतोय का?" पस्तीस वर्षं त्या घरात 'अगं' आणि 'अहो' यांवरच सगळं निभत आलं होतं, आणि त्यात काही उणं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

सुलभाताईंचं संगणकावर एकच काम होतं, पण ते जिवाभावाचं होतं. शेजारच्या गल्लीतल्या सत्यवतीअक्कांकडे त्या कसुती शिकायला जात. कसुती म्हणजे धारवाडकडचं भरतकाम. कापडाचा धागा न् धागा मोजून घालायचं, कुठंही गाठ मारायची नाही आणि मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली पाहिजे. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढावी लागे, ती आता संगणकावर काढता येई. हुबळीच्या त्रिविक्रम नावाच्या गृहस्थानं खास त्यासाठी एक प्रोग्रॅम केला होता. सुलभाताईंनी तो रीतसर विकत घेतला. त्याची चावी त्यांच्या नावावर होती आणि ती पाच संगणकांपुरतीच चाले. आमचा तर एकच आहे, असं म्हणून दोघांनीही त्या अटीकडे ढुंकून पाहिलं नाही.

त्या वर्षी सुलभाताईंनी पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं नक्षी काढली. सगळ्या काढतात तसे हत्ती आणि गोपुरं आणि तुळशीवृंदावन होतंच. पण मधोमध त्यांनी अजिंक्यताऱ्याची चढण घातली होती, वर दिवा लावलेला. इरकली साडीचा आख्खा पदर. सत्यवतीअक्कांनी चष्मा वर करून ती पाहिली आणि म्हणाल्या, "हे सगळ्यांनी मिळून भरायचं." वर्गातल्या बायकांनी एकेक भाग वाटून घेतला. सोमवारी सुलभाताईंनी सगळ्यांना कागद छापून न्यायचे होते. आयुष्यात पहिल्यांदा आठ बायका त्यांच्या कामासाठी खोळंबणार होत्या, आणि याचा त्यांना किती आनंद झाला होता हे त्या कुणाला सांगत नव्हत्या.

शनिवारी सकाळी माउसचा बाण अडखळायला लागला.

मधुकररावांनी खुर्ची पुढे ओढली. नक्षीची फाइल त्यांनी आधी पेनड्राइव्हवर नीट काढून ठेवली, इतके ते निष्काळजी नव्हते. मग दार लावलं आणि सगळं पुसलं. दुपारी पट्टी शंभरावर पोचली. आदल्या दिवशी सत्यवतीअक्कांनी डबाभर कोडबळे, म्हणजे तिकडची कडबोळी, पाठवले होते, त्यातला एक तोंडात होता. त्या कृतज्ञतेपोटी त्यांनी संगणकाचं नाव ठेवलं 'सत्यवती'. बाण अजूनही अडखळतच होता. तेव्हा त्यांना माउस उलटा करून बघायचं सुचलं. त्यातला सेल संपत आला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती गोष्ट त्यांनी स्वतःच चार लोकांत रंगवून सांगितली असती. पण कसुतीचा प्रोग्रॅम घातला, चावी टाकली, तर पडद्यावर आलं की या चावीची मर्यादा संपली आहे. फाइल शाबूत होती, पण तिला दुसरं काहीच उघडत नव्हतं. मधुकररावांनी संगणकाची तारीख मागे नेली. प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. देवाचं नावही घेतलं. आशयला फोन करावा असं मनात आलं, पण मग 'मी म्हटलं नव्हतं?' हे ऐकावं लागलं असतं. म्हणून त्यांनी काय करावं? रविवारी सकाळी त्यांनी सगळं पुन्हा पुसलं! विहिरीत पडलेला माणूस आणखी खोल खणायला लागावा, तसाच प्रकार. या खेपेला नाव सुचेना, माया कुणाबद्दलच दाटून येईना. वैतागून त्यांनी टाइप केलं, 'अनामिका'.

आता पडद्यावरची पाटी बदलली. मधुकररावांनी सवयीनं ती मोठ्यानं वाचली, "गैरवापराच्या संशयावरून ही चावी गोठवण्यात आली आहे. नोंदणीधारक सुलभा खटावकर यांनी खुलासा करावा."

"कसला गैरवापर?" दारातून आवाज आला. सुलभाताई छपाईचे कोरे कागद घेऊन उभ्या होत्या.

मधुकररावांनी सगळं सांगितलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. त्यात त्यांचा काही मोठेपणा नव्हता, सरावच नव्हता. सुलभाताई ओरडल्या नाहीत. कागद टेबलावर ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या वर्गात त्या सगळ्या येणार आहेत. आणि चोर म्हणून माझं नाव लागलंय." मधुकररावांना वाटलं, एखादं रडार परत आलं असतं तरी चाललं असतं.

सुलभाताईंनी हुबळीला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. त्रिविक्रमची आई मिरजेची, त्यामुळे तो मराठी बोलायचा, पण अंगचा कानडी सूर काही सुटत नव्हता.

"बाई, हे स्वल्प अवघड आहे बघा," तो म्हणाला. "चावी तुमच्या एकटीची. इथं मला संगणकांच्या नावांवरून दिसतंय किती जणींनी वापरली ती. आम्ही छोटी माणसं. सगळ्यांनी एकाच चावीवर भागवलं तर आम्ही जगायचं कसं?"

"कोण जणी?" सुलभाताईंनी विचारलं.

"पहिले एक मधुकर म्हणून आहेत. मग यशश्री."

"ती आमची मुलगी. ती पुण्यात असते, तिला सुईत दोरा ओवता येत नाही."

मधुकरराव खिडकीकडे बघायला लागले. यशश्रीला नोकरीत बढती मिळाली, त्या दिवशीचं ते.

"स्मिता?"

"माझी नणंद."

"सुप्रीता?"

"सून." सुलभाताई आता फोनकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या.

"श्रीविद्या?"

"वरच्या मजल्यावरची," मधुकरराव हळूच म्हणाले. "ती बँकेत लागली ना, पेढे घेऊन आली होती."

"आणि काल सत्यवती! आता बाई, सत्यवतीअक्का कसुती शिकवतात हे आख्ख्या हुबळीला ठाऊक आहे. वर्गात वाटलीच ना तुम्ही? आज सकाळी आणि कुणी अनामिका. ती कोण?"

सुलभाताईंना हसू फुटलं. आधी त्या पदर तोंडाला लावून हसल्या, मग खुर्चीवर बसून हसल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि पुस्तकातून नव्हे, तर भाजीवाल्यांकडून आणि सत्यवतीअक्कांकडून शिकलेल्या कानडीत त्याला सांगितलं, "एल्ला ओंदे कंप्युटर, तम्मा. अवरु रिटायर्ड आगिद्दारे."

सगळा एकच संगणक आहे रे बाबा, ते निवृत्त झालेत. एवढ्या दोन वाक्यांत सगळा खुलासा झाला याचं मधुकररावांना वाईट वाटलं, पण त्यात खोडण्यासारखं त्यांना काही सापडेना. पलीकडे त्रिविक्रम मनमोकळा हसला. "सरी, सरी. आमचे अप्पापण असेच. ते घरातले नळ उघडतात." नवी चावी पाठवतो म्हणाला. पण या खेपेला ती एकाच नावाला बांधणार. "तेवढं नाव सांगा. परत बदलता येणार नाही."

सुलभाताईंचं हसणं ओसरलं होतं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, नणंदेचं ठेवलंत, सुनेचं ठेवलंत. कोडबळे पाठवले म्हणून अक्कांचंसुद्धा ठेवलंत. माझं नाही ठेवलंत कधी?"

मधुकररावांनी आठवून पाहिलं. एखादं बरं कारण सापडलं असतं तर ते त्यांनी दिलं असतं. "सुचलंच नाही," ते म्हणाले. आणि तेच खरं होतं. यशश्री फोनवर यायची, स्मिता भाऊबीजेला यायची, त्यांची आठवण व्हायची. जी रोज समोर असते तिची आठवण यायला ती जाते कुठं? लग्नात घास भरवताना त्यांनी ते नाव एकदा घेतलं होतं, त्यानंतर ते रेशनकार्डावर होतं, बँकेत होतं, गॅसच्या पावतीवर होतं. तोंडात मात्र 'अगं' होतं. स्वतःचीच लाज वाटून ते हसले, पण ते हसू काही नीट जमलं नाही.

"सुलभा," सुलभाताईंनी फोनमध्ये सांगितलं. "सुलभा लिहा. बघते आता कसे पुसतात ते."

संध्याकाळपर्यंत कागद छापून झाले. मधुकररावांनी ते स्वतः कात्रीनं नीट कापून दिले, ही त्यांनी स्वतःला केलेली शिक्षा होती. त्यांनी संगणकाचं नाव बदललं आणि आतल्या डिस्कलाही तेच नाव दिलं, एकदा तपासणी म्हटली की अर्धवट नको म्हणून. पदर दोन महिन्यांनी भरून झाला. मधे एका बाईचा धागा चुकला, तेव्हा टाका टाका उसवत मागे जाऊन तिनं तो सुधारला. हे सुलभाताईंनी घरी येऊन मुद्दाम दोनदा सांगितलं.

मग एका दुपारी संगणक खरोखरच अडला. माउसचा सेल नवा होता. पंखा घरघरत होता, बाण जागचा हलत नव्हता, बंद करून चालू केलं तरी तेच. मधुकररावांनी अर्धा तास दम धरला, त्यांच्या मानानं हे पुष्कळ झालं. फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या. चावीचं पुढं बघता येईल, त्रिविक्रम भला माणूस आहे, असं मनाशी म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली, सिस्टीमचा दुसरा पेनड्राइव्ह लावला आणि नेहमीच्या वाटेनं नेहमीच्या बटणापर्यंत आले. पडद्यावर सूचना उमटली. त्यांनी ती सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतली.

"सुलभा..."

पुढं लिहिलं होतं, यातील सर्व काही कायमचे पुसले जाईल, पुढे जायचे का? ते त्यांच्यानं वाचवेना.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सुलभाताई हात पुसत दारात आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मधुकररावांनी फार वर्षांपूर्वी कधीतरी पाहिलेलं होतं.

"हाक मारलीत?" त्यांनी विचारलं.

मधुकररावांना खोटं बोलता येत नसे. पण त्या दिवशी ते जमलं.

"हो," ते म्हणाले, आणि मागे हात नेऊन त्यांनी पेनड्राइव्ह काढून घेतला. "बस ना जरा इथं."

"काम काय होतं?"

काम काहीच नव्हतं. सुलभाताई तरीही बसल्या. संगणक घरघरत राहिला, तो त्यांनी तसाच घरघरू दिला.