गुणाच्या लेकराचं वजन

लेकराला झोळीत ठेवण्याआधी ती त्याच्या अंगावरचं सगळं काढायची. वाळे, करदोडा, मनगट्या, गळ्यातला ताईत. सगळं आईच्या ओंजळीत देऊन म्हणायची, "धर. मला लेकरू तोलायचंय, सोनाराचं दुकान न्हाई." टांगत्या काट्याची सुई शून्यावर आलेली पाहिल्याशिवाय ती झोळी अडकवत नसे.

झरी गावातल्या आमच्या गल्लीची ती अंगणवाडीताई. अशी बाई तुमच्याही पाहण्यात असेल. बारीक आवाजाची, चहा विचारला तर "झालाय" म्हणणारी. प्रत्येक आईला तिचा एकच प्रश्न, "रडतंय का?" आई कौतुकानं सांगायची, "न्हाई ओ ताई, लय गुणाचं हाय." तसा हिचा चेहरा उतरायचा. "रडकं लेकरू मागून घेतंय. गुणाच्याला कोण इचारतंय? त्याला घड्याळ बघून पाजा." बायका हसायच्या. मीही हसलो होतो.

माझ्या सुनेला जुळं झालं. नातू आणि नात. नातू तासातासाला घर डोक्यावर घ्यायचा आणि सून त्याला छातीशी धरायची. नात आढ्याकडं बघत पडून राहायची. जागी झालेली कळायचीही नाही. मी आल्यागेल्याला सांगायचो, "पोरगी समजदार हाय. आईला तरास देत न्हाई."

चौथ्या महिन्यात ताईनं दोघांना तोललं. नातू चांगला भरला होता. नात मागच्या महिन्याएवढीच.

"आप्पा, हिला आजच परभणीला दवाखान्यात दाखवा. आन् घरी आधी हिला पाजा, मग त्याला."

अंगणात शेजारच्या चार बाया उभ्या होत्या. माझं डोकं फिरलं. हमालीपासून सुरुवात करून मी कापसाचं दुकान उभं केलेलं. "मला काटा शिकवायलीस का?" म्हणत दुकानातलं सरकारी शिक्क्याचं पाच किलोचं वजन आणलं आणि तिच्या काट्याला लटकवलं.

सुई बरोबर पाचावर थांबली.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण हातचा सौदा मला सोडता येत नाही. ती मोबाइलमध्ये वजन भरत होती. मी म्हणालो, "अर्धा किलो वाढवून टाक. माझ्या घरात लेकरू उपाशी हाय असं गावाला कळायला नको."

"आप्पा, ह्यात सौदा व्हत न्हाई."

"पाव किलो तरी."

"न्हाई, आप्पा." आवाज तसाच बारीक.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत तक्रार दिली, की बाई उर्मट आहे, वजनं चुकीची घेते. माझ्या ओळखी होत्या. पंधरवड्यात तिला घरी बसवलं. माहेरी पिंगळीला जाताना ती सुनेला सांगून गेली, "माझ्यावरचा राग लेकरावर काढू नका." सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही.

पुढच्याच महिन्यात नातीला जुलाब लागले. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. परभणीच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पोरगी गेली. तेव्हाही रडली नाही.

ताई पिंगळीहून भेटायला आली. ओसरीवर सुनेजवळ बसली. माझ्याकडं एकदाच पाहिलं. "मी सांगितलं होतं" एवढं तरी तिनं म्हणायचं. मी भांडायला तयार होतो. शिव्या दिल्या असत्या, मग कदाचित रडलोही असतो. ती उठून गेली.

हा माझा तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तिनं वजन घेतलं त्या दिवशी अंगणात ओरडायला हवं होतं. मला ढकलून पोरीला उचलून न्यायला हवं होतं. माझ्यासारख्या माणसाशी कुणी इतक्या हळू बोलतं का?

तक्रार मागं घ्यायला मी कचेरीत गेलो. जागा भरली होती.

गेल्या आठवड्यात नवी ताई नातवाचं वजन घ्यायला आली. मला ओसरीवर बघून उंबऱ्याबाहेरच थांबली. पिशवीतून काटा न काढताच तिनं मोबाइल उघडला आणि अदबीनं विचारलं,

"आप्पा, किती टाकू?"