काखेतलं सोनं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधे हसलेलं मला चालत नाही. माझी जी फजिती झाली, ती कोरड्या तोंडानं सांगता येत नाही. चहा ओता.

तलवाड्यात माझं सोनाराचं दुकान. शाळा चौथीपर्यंत. पण सोनं नजरेनं ओळखतो, कुणालाही विचारा!

नात मेघा औरंगाबादला रसायनशास्त्र शिकत होती. माझ्याकडून कणभर शुद्ध सोनं घेऊन गेली आणि सुट्टीला आली ती बोटाएवढी बाटली घेऊन. आत चहाच्या रंगाचं पाणी.

"आबा, हे तुमचं सोनं."

"कुठंय?"

"ह्या पाण्यातच. लई बारीक केलंय. एकेका कणात मोजकेच अणू."

मी बाटली उन्हात धरली, हलवली. तळाला काही नाही, वर काही नाही.

मेघानं शटर ओढलं. खोट्या नोटा ओळखायची माझी निळी बत्ती लावली आणि बाटली तिच्याखाली धरली.

काय सांगू! पाणी पेटलं. निखाऱ्यासारखं लाल, आणि हाताला गार!

"हे अंगात सोडलं की कॅन्सरच्या गाठीपाशी जाऊन बसतं," मेघा म्हणाली. "मग गाठ कुठं हाय ते चमकून दाखवतं. अजून उंदरावरच बघायचंय. सोमवारी सरांना बाटली दाखवली, तरच मला त्या कामात घेणार."

बाटली माझ्याकडे ठेवून ती मैत्रिणीकडे गेवराईला गेली आणि माझं डोकं फिरलं. सोनं कधी लाल उजळतं का? पोरीला कुणीतरी फसवलं. सोनं ठेवून घेतलं, रंगाचं पाणी दिलं! आता खरंखोटं कोण सांगणार? विस्तव. सोनार दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.

बाटली मुशीत रिकामी केली आणि फुंकणी उचलली.

आधी फेस आला, मग धूर. आणि वास असा, की विचारू नका! आतून बायको ओरडली, "अवो, कावून घाण सुटलीय? कोंबडं जाळलं का काय?"

धूर ओसरला. मुशीच्या तळाला खसखशीएवढा पिवळा दाणा. अस्सल सोनं! मी मिशीला पीळ देतोय, तोच मेघा दारात.

"आबा, बाटली कुठंय?"

"हे घे तुझं सोनं. काढून ठेवलंय."

तिनं दाणा बत्तीखाली धरला. ढिम्म! काही उजळेना.

"बारीक होतं म्हणून चमकत होतं, आबा. आता नुसतं सोनं राहिलं." आणि पोर रडायला लागली.

नुसतं सोनं! जन्म गेला माझा त्यात, आणि ते बारीक केलं की स्वभाव बदलतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"मग पुन्हा बनव," मी म्हणालो. "सोनं हाय, विरघळवायला तेजाब हाय."

"अंडं लागतंय."

"काय?"

"अंड्यातलं पांढरं. तेच कणांना सांभाळून धरतं. तुमी रागवाल म्हणून बोलले न्हाई."

आमच्या घरात अंड्याचं नाव काढत नाहीत. मी टोपी घातली, भरबाजारातून अंडी आणली. हातात धरून. लपवायला मी काय चोर होतो?

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मेघानं मिश्रण केलं. "आता हे दिवसभर माणसाच्या अंगाइतकं ऊबदार ठेवायचं. तिकडं यंत्र असतंय."

"मग माणसाचं अंगच हाय की!" मी बाटलीला बूच ठोकलं, फडक्यात गुंडाळली आणि काखेत धरली.

दिवसभर गादीवर ताठ बसलो. शेजारचा किराणावाला नागनाथ, माझ्याच वयाचा, डोकावला. "का बे, हात मोडला का?"

"तू तुझं दुकान बघ बे!"

बायको आतून म्हणाली, "मोडला न्हाई, भावजी. खुडूक बसलेत. अंडं उबवायलेत."

नागनाथ जो हसला, तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. मग मेघानं शटर ओढलं, बत्ती लावली.

लाल! पहिल्यापेक्षा लाल. नागनाथानं देवळात काढतात तशा गुपचूप पायातल्या चपला काढल्या.

सोमवारी मेघाचा फोन आला. "आबा, घेतलं मला! सर म्हणतात, लई सुरेख जमलंय. कोणतं यंत्र वापरलं म्हणून विचारायलेत."

मी काही बोलायच्या आत बायकोनं फोन हिसकावला.

"गावरान हाय म्हणावं."