फळीपलीकडची शाळा

पुण्याहून एस.टी.त बसले तेव्हा माझ्याजवळ दोन साड्या, लिमलेटच्या गोळ्यांचा डबा आणि भरपूर आत्मविश्वास होता. ऐंशीच्या दशकातला मे महिना. मुलांच्या मनातल्या भीतीवर मी दवाखान्यात उपचार करत असे. पद्धत चांगली पारखलेली होती. भीतीचे छोटे टप्पे पाडायचे, एक टप्पा जमला की मुलाला लगेच बक्षीस द्यायचे. वाशीला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने करावे गावातल्या एका मुलीसाठी मला बोलावले होते. दवाखान्यात जमते ते खाडीकाठी का जमणार नाही, म्हणत मी निघाले.

नेरूळच्या फाट्यावर उतरले. नव्या शहराच्या रस्त्यांवर घरे कमी आणि खडी जास्त. काही इमारतींना अजून खिडक्या नव्हत्या, पण दारावर सोसायटीची पाटी मात्र ऐटीत झळकत होती. डांबर संपले, खारा वारा लागला, आणि वाळत घातलेल्या जवळ्याचा (अगदी बारीक कोळंबीचा) वास आला. करावे आले हे कोणाला सांगावे लागले नाही. गावाच्या तोंडाशीच चिखलाने माझी एक चप्पल गिळली, ती काढायला वाकले तर दुसरीही गेली. अनवाणी आलेली ही पाहुणी बघून मुलीची आई, हिराबाई, पोट धरून हसल्या.

“बसा ताई. जेवल्याबिगर बोलनं नाय.”

तांदळाची भाकरी आणि निवट्यांचे (चिखलात उड्या मारणाऱ्या माशांचे) कालवण. इतके तिखट की डोळ्यांतून पाणी आले, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

मग त्यांनी सांगितले. त्यांची मंदा चौथी पास झाली होती. गावातली शाळा तिथेच संपत होती, पाचवीची शाळा नाल्यापलीकडे. नाल्यावर लाकडी फळी होती. मागच्या वर्षी भरतीच्या वेळी मंदा तिच्यावरून पाण्यात पडली, लोकांनी ओढून काढली. नंतर दोराचा कठडा बांधला, तरी फळी दिसली की ती उलटी घराकडे पळे.

“शाला उघडेपरेंत जमलं तर ठीक,” हिराबाई म्हणाल्या. “नायतर येल माझ्यासंगं बाजारात मासली विकायला.”

मंदा दाराआडून ऐकत होती. तिने फ्रॉकने डोळे पुसले. मला फार वाईट वाटले, आणि तितकाच हट्टही चढला.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केले. आधी लांबून फळी बघायची, मग जवळ जायचे, मग एक पाय टेकवायचा. दवाखान्यात मी आणि मूल असे दोघेच असायचो. इथे आमच्या मागे गल्लीतली सगळी पोरे. मंदा फळीजवळ गेली तशी मी तिला गोळ्या दिल्या. तिने त्या तिथल्या तिथे वाटून टाकल्या. बक्षीस ज्याचे त्यालाच मिळाले पाहिजे, हा माझ्या पद्धतीचा पाया. मी तिला दटावले, “या फक्त तुझ्या. माझ्यासमोर खा.”

तिने खाल्ल्या. आणि दुसऱ्या दिवशी ती घराबाहेरच आली नाही.

मी वैतागून खाडीवर गेले. नुकतीच होडी लागली होती. मासळीचे वाटे पडत होते: माणसांचे, होडीचा, जाळ्याचाही. तापामुळे घरी राहिलेल्या एका गड्याचाही वाटा बाजूला काढला गेला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पोरीला बक्षीस नव्हते दिले, सगळ्यांदेखत एकटीने खायला लावून तिची लाज काढली होती. हिराबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “एकटीनं खाल्लं तर पोरा खेलायला घेतील का तिला?”

मग मी बेत बदलला. मंदाचा टप्पा जमला की गोळ्या सगळ्यांना. पोरे हरखली, आणि लागलीच तिला फळीवर ओढायला धावली. तिथे मात्र मी आडवी उभी राहिले. “ओढायचं नाही, ढकलायचं नाही. पुढचं पाऊल कधी, ते मंदा सांगेल.” टप्पे मी सोडले नाहीत, क्रमही नाही. बक्षीस तेवढे गावाच्या रीतीने दिले. आता मंदाच्या प्रत्येक पावलावर दोन्ही काठांवरून आरोळ्या उठू लागल्या. कधी ती अर्ध्यातून परत फिरे, तेव्हा सगळा घोळका निमूट तिच्यामागे घरी जाई. कोणी तिला बोल लावला नाही. आरोळ्यांपेक्षा मला त्याचेच जास्त अप्रूप वाटले.

शाळा उघडली त्याच सकाळी मला निघायचे होते. नाला तुडुंब भरलेला. मंदा नवे दप्तर पाठीला लावून फळीपाशी थांबली. ओठ पांढरे पडले होते. पलीकडे शाळेची घंटा झाली. हिराबाई माझ्याकडे बघत होत्या, मी मंदाकडे. न राहवून मी विचारले, “मंदा, भीती गेली का गं?”

तिने दोर धरला.

“नाय. हाय अजून,” ती म्हणाली. “पन शालेला उशीर व्हतो.”

आणि ती गेली. मधे एकदा थांबली, मग पुन्हा निघाली. हिराबाई पदराने तोंड झाकून रडल्या, मीही रडले.

परतीच्या गाडीत घाट लागेपर्यंत तिचे उत्तर मनात घोळत होते. इतकी वर्षे मी आईबापांना सांगत आले होते, मुलाची भीती घालवून देते. पुण्याला पोचल्यावर ते सांगणे मी बंद केले.