बिनजोड कोबा

ता. ११ मे १९५७, सिंदी. सकाळी आभाळ स्वच्छ. दहापासून झळा. वारा पश्चिमेचा, बेताचा.

कोबा म्हणजे सिमेंटची घोटलेली जमीन. तिच्यात रंग आणि नक्षी भरायची हा आमचा धंदा. ऊन-वारा पाहूनच तिच्यावर पाणी किती मारायचं ते ठरतं, म्हणून मी हवामानाची वही ठेवली. शाळा पाहिली नाही. अक्षरं सिमेंटच्या पोत्यांवरून शिकलो. पण हवामान एका ओळीत संपतं आणि माणसं बोलतच राहतात! त्यामुळे आता वहीत हवामान कमी आणि किस्सेच जास्त.

आम्ही तिघं. दौलत मिस्त्री घोटतो, मी रंग कालवतो, गंगूबाई पाणी मारते आणि बोलते.

दौलतची इच्छा एकच. कुठल्याही घरात आमचा कोबा देवघराच्या दारापर्यंत जायचा आणि तिथे थांबायचा. आत आम्हांला मज्जाव. आतला तुकडा दुसरा मिस्त्री करायचा. दोन हातांचं काम, रंग जुळायचा नाही, दारात जोड उठून दिसायचा. दौलत त्या जोडावरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "मराच्या आंधी एक घर बिनजोड करीन."

*

हिंगणघाटला एका कापडदुकानात हिरवा कोबा केला. वर मेण घासलं. असा चमकला की छतावरचा पंखा खाली फिरताना दिसे!

दुकान उघडलं त्या दिवशी वडनेरचे शेतकरी खरेदीला आले. दारात आले, खाली पाहिलं, चपला काढल्या आणि बाहेरच उभे राहिले. आत पाय टाकायची कोणाची छाती होईना. एका म्हाताऱ्याने तर दारातूनच हात जोडले आणि चालू लागला!

दुपारी मालक धावत आमच्याकडे. "मिस्त्री, थोडा मळवून द्या हो!"

गंगूबाई उठली. चिखलाच्या पायांनी दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि बाहेर तोंड करून ओरडली, "या बाप्पा, या! अंदर देव नाई, लुगडे हायेत!"

*

पवनारच्या मास्तरीणबाईंनी नमुन्याची वडी पाहून रंग पसंत केला. जांभळासारखा गर्द. कोबा झाला, वाळला आणि फिका पडला.

"हा माया रंग नाई!"

"बाई, तुमी वडी पाह्यली तवा ते ओली व्हती. थो रंग पाण्याचा."

"मंग मले पाण्याचाच पायजे!"

बाई जिद्दीच्या. दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघर ओलं ठेवलं. आता सिमेंटचं असं आहे की जितकं पाणी पाजाल तितकं ते कठीण होतं. मागच्या वर्षी त्यांच्या हातून वरवंटा निसटला. कोब्यावर ओरखडा नाही. वरवंट्याचे दोन तुकडे!

तेव्हापासून दौलत प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "रंग नाई आवडला तरी चालन. पन पाणी मारत जाजा."

*

दौलत कोणतीही गोष्ट तीनदा सांगतो. चौथ्यांदा सांगत नाही. ही त्याची रीत वर्ध्याच्या एका ओव्हरसियरसाहेबांना ठाऊक नव्हती.

साहेबांनी काचेची लेव्हल आणली आणि हुकूम दिला, "घरभर एकच लेव्हल पाहिजे. सुताचाही फरक चालणार नाही."

"साहेब, न्हाणीतबी?"

"सगळीकडे!"

दौलतने तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर. केलं.

साहेबांची पहिली आंघोळ झाली आणि पाणी बैठकीत! टेबलाखालच्या फायली पोहायला लागल्या. साहेब टॉवेलवरच ओरडत आले.

दौलतने त्यांचीच लेव्हल जमिनीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. "लेव्हल सही हाय साहेब. पाणी एकीकडे जाऊन नाई राह्यलं, चारीकडे जाऊन राह्यलं!"

*

आता सिंदीचं.

मदनशेट इथले कापसाचे व्यापारी. माणूस वजनदार, अंगानेही. त्यांनी भावाच्या घरातला जोड पाहिला होता. म्हणाले, "मिस्त्री, देवघर आन माजघर एकच करा. लाल. मले रेघ नाई पायजे."

दौलत त्या रात्री जेवला नाही म्हणे.

पण शेटच्या आई सकाळी सातलाच देवघरात शिरल्या. देवांच्या दगडी ओट्यावर माळ घेऊन बसल्या. "मी अठून हालत नाई. यानं देवाले हात लावला त?"

दौलत गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झाला. तो म्हणाला, "आजी, मले तुमच्या देवाशी काई काम नाई. मी त माया घरचे देवबी नदीत पोचवून आलो."

आजींनी माळ आणखी घट्ट धरली.

"आजी, कोबा आतून बाहीर येते. मी दाराकडं सरकलो का संध्याकाळवरी तुमाले उतरता येनार नाई."

"मले काढाचं पाहून राह्यला!"

दौलतने तीनदा सांगितलं. मग कामाला लागला. ओट्याच्या कडेपासून घोटत घोटत मागे सरकला, देवघराच्या दारातून न थांबता माजघरात आला आणि अकराला बाहेरच्या पायरीवर उतरला. मागे दोन खोल्या लालभडक. रेघ नाही.

बाराला आतून आवाज आला, "पाणी!"

सूनबाईंनी लोटा भरला आणि दारातच थबकल्या. शेटनी पाय उचलला.

"शेट!" दौलत ओरडला. "तुमचा पाय पडला त विहीर होईन!"

"मंग बांबूले बांधून देऊ काय?"

"थेंब सांडला त डाग जन्मभर राहन."

"मीच येतो चालत!" म्हणत आजींनी एक पाय ओट्याखाली सोडला.

चालत आल्या असत्या तर दोन्ही खोल्यांत पावलं उमटली असती. माझ्याकडचा रंग संपला होता, आणि पुन्हा कालवलेला रंग कधी जुळत नाही. तीनदा सांगून झालं होतं.

आजींनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाय वर घेतला. "लय साजरं झालं रे," म्हणाल्या.

दौलतने सूनबाईंच्या हातून लोटा घेतला. ओल्या कोब्यावर चालायच्या त्याच्या दोन रुंद फळ्या आहेत. एकीवर गुडघे टेकायचे, दुसरी पुढे सरकवायची. तसा तो गेला. पाव तास लागला.

आजींनी लोट्याकडे पाहिलं. त्याच्या हाताकडे पाहिलं. लोटा घेतला आणि जन्मभराच्या सवयीने तोंडापासून वीतभर उंच धरला.

"आजी, वरून नका पिऊ," दौलत म्हणाला. "थेंब पडन. तोंड लावून प्या."



आजींनी लोट्याला तोंड लावलं. संध्याकाळी पाचला फळ्यांवरून उतरेपर्यंत त्या दोन लोटे पाणी प्यायल्या. थेंब एकही पडला नाही. कोबा बिनजोड आहे.