ओरिन क्रीगरची मतं

वेल्डा क्रीगर एका जागी स्वस्थ बसलीय, असं आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे या पंचक्रोशीत, कुणी पाहिलेलं नाही. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी पक्षाची बूथप्रमुख म्हणून ती आपल्या भागातलं दारन् दार वाजवते. कुणाचं नाव मतदारयादीत राहिलंय, कुणाच्या म्हातारीला मतदानाला गाडी लागेल, सगळं तिला तोंडपाठ. पगार छदामाचा नाही. मी शेजारच्या बूथची प्रमुख, म्हणजे मीही तसलीच वेडी. पण मी निदान जेवताना बसते.

यंदा जानेवारीत मात्र तिची चुळबुळ निराळीच होती. आमच्या ट्रस्टीने मुदत संपायच्या आत राजीनामा दिला आणि तो लेकीकडे फ्लोरिडाला निघून गेला. थंडीत ज्यांचं घर तापवायच्या गॅसचं बिल थकतं, त्यांना टाउनशिपतर्फे मदत देणारा माणूस म्हणजे ट्रस्टी. त्याने दिरंगाई केली की इथे लेकरं कोट घालून झोपतात. ही जागा आमच्या पक्षाने जिंकलेली, म्हणून उरलेल्या मुदतीसाठी माणूस निवडायचा तो आम्ही नऊ बूथप्रमुखांनी. एरवी पक्षाच्या सभेला चिटपाखरू फिरकत नाही, आणि नंतर हेच लोक विचारतात, ह्यांना निवडलं कुणी!

उमेदवार दोन. एक रोझाना टीग, शाळेचं स्वयंपाकघर सांभाळणारी, कामाला वाघ. दुसरा वेल्डाचा धाकटा भाऊ ओरिन. ओरिन मनाने लोणी, पण आलेलं पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये टाकणारा. त्याच्या स्वतःच्या घरची वीज दोनदा तोडली होती, आणि तीही खिशात पैसे असताना.

"ग्लेनिस, तो मत मागायला आला ना, की मी तोंडावर नाही म्हणणार आहे," वेल्डाने मला फोनवर सांगितलं.

"मी म्हटलंसुद्धा. चिडला नाही गं. वर कोंबड्यांची अंडी देऊन गेला."

"तेच तर! मेला भांडत पण नाही."

ओरिन सगळ्यांकडे फिरला, सगळ्यांना अंडी वाटली. बाकीचे सातही जण "अरे, तुलाच रे" म्हणाले. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायला जीव जातो लोकांचा. वेल्डाकडे तर तो रोज जायचा. तिचा हीटर ठीक केला, दारातला बर्फ उपसला, बीन्सचं सूप दोनदा मागून घेतलं. मताचं मात्र अवाक्षर नाही. ती भांडी आपटायची, मुद्दाम रोझानाचा विषय काढायची. "चांगली बाई आहे," एवढंच म्हणून तो मक्याचा पाव तोडायचा. रोज तो गेला की तिचा मला फोन.

"आजही नाही विचारलं!"

"मग तूच सांगून टाक ना," मी वैतागून म्हटलं.

"आई गेल्यावर मी वाढवलाय त्याला. न विचारता कशी तोडून बोलू? आणि त्याची सात मतं पक्की आहेत. येणारच आहे तो निवडून. मी रोझानाला मत दिलं तरी माझं मन मला खाणार नाही."

शनिवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सभा भरली. बहीणभाऊ एकाच ट्रकमधून आले. आम्ही चिठ्ठ्या लिहून पेटीत टाकल्या आणि अध्यक्ष हॉलिस एकेक उघडून मोठ्याने वाचू लागला.

"टीग." पुन्हा "टीग." आणि पुन्हा.

वेल्डा पर्स उघडत होती, मिटत होती. पाचव्या चिठ्ठीला रोझाना जिंकली. थांबता आलं असतं, पण हॉलिस नियमाचा माणूस, वाचतच राहिला. वेल्डाने माझं मनगट गच्च धरलं. "एक तरी निघू दे," ती पुटपुटत होती, "देवा, एक तरी." शेवटची चिठ्ठी उघडली. तीही टीगचीच.

मतदान गुप्त खरं, पण शून्य मतं पडल्यावर कसलं गुप्त? सातही जण आपापले बूट न्याहाळत होते. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण नाही दिलं तर काय होतंय, बाकीचे देतीलच, आणि बहीण तर आहेच. माझं टाळकं सणकलं. "अंडी बरी गिळलीत!" मी ओरडले. ओरिन मात्र उठला, त्याने रोझानाशी हात मिळवला आणि तिचं अभिनंदन केलं.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. वेल्डा ट्रकपाशी उभी राहिली, आत चढेना.

"ओरिन, मी..."

"कळलं मला."

"नाहीच म्हणणार होते तुला. तोंडावर! रोज वाट बघत होते, आज विचारशील, उद्या विचारशील. जगाला विचारलंस, आणि मला का नाही रे विचारलंस?"

त्याला प्रश्नच समजला नसावा.

"तुला काय विचारायचं, वेल्डा?" तो म्हणाला आणि ट्रकची पायरी उंच आहे म्हणून त्याने तिच्यापुढे हात केला.