शुक्रवारच्या नळ्या

रक्तातलं शिसं थायरॉइडच्या हार्मोनचं काय करतं, हे शोधण्यात माझ्या डॉक्टरकीची बरीच वर्षं गेली. मल्लेश्वरमच्या प्रयोगशाळेत माझ्यासोबत एक तंत्रज्ञ बाई होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं, मराठीत निम्मं कन्नड. माझ्याहून लहान, तरी सगळ्यांसारखं मीही त्यांना अक्काच म्हणायचो.

चिकपेटेत जुन्या साड्यांची जर जाळून शिशाच्या मदतीने चांदी काढणारी काही घरं होती. तिथल्या बायका आमच्याकडे रक्त द्यायला यायच्या आणि सुई बघून मागे सरायच्या. शुक्रवारी आलेल्या सवाष्णींना अक्का आधी हळदीकुंकू लावायच्या, बोटं पदराला पुसायच्या, मग दंडाला पट्टी बांधायच्या.

"आलेल्या बाईला नुसती सुई टोचून पाठवू का, डॉक्टर?"

बायका हसायच्या, हात पुढे करायच्या. मी समोरच असायचो. कधी हटकलं नाही, उलट मला ते आवडायचं. शुक्रवारची सकाळ आजही त्या गलक्याशिवाय सुनी वाटते.

या संशोधनाचा लेख मासिकाला पाठवायला तयार झाला, तेव्हा अक्का वही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"शुक्रवारच्या नळ्यांतच शिसं जास्त येतंय, डॉक्टर. माझ्या बोटाचं कुंकू नळीच्या तोंडाला लागत असेल. कुंकू तपासू या. स्वल्प थांबा."

"आता तुम्ही मला शिकवणार का, अक्का?"

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून त्या गेल्या. मी लेख पाठवला.

तो छापून आल्यावर दुसऱ्या एका प्रयोगशाळेला आमचे आकडे जुळेनात. चौकशी झाली. कुंकवात शिसं निघालं. आधी काही लक्षात आलं होतं का, असं मला विचारलं. मी नाही म्हणालो. अहवालात 'तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. मी नाही म्हणालो तेव्हा अक्का शेजारीच उभ्या होत्या. महिनाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली.

पुढे चांगली यंत्रं आली, हुशार मुलं आली. माझं चुकतंय असं तोंडावर सांगणारं मात्र कुणी आलं नाही.

गेल्या महिन्यात मारतहळ्ळीला, अक्कांच्या मुलीच्या फ्लॅटवर गेलो आणि माफी मागितली.

"माफी घेऊन काय करू?" अक्का म्हणाल्या. "आईने रक्तात कुंकू कालवलं, अशी घरात अजून चेष्टा चालते माझी."

"आई, गंमत असते गं ती," मुलगी म्हणाली.

"तुला गंमत." मग माझ्याकडे वळून, "मी आधी सांगितलं होतं, एवढं लिहून द्या. बोललेलं कोण धरतं?"

म्हणून लिहितो. अक्कांनी लेख जाण्याआधी सांगितलं होतं. मी ते नीट ऐकलं होतं, आणि चौकशीत खोटं बोललो. ज्या मासिकात लेख आला, त्यांनाही हेच कळवलं आहे.

इथवरच्या मजकुराची प्रत अक्कांना पाठवली, त्याला आठ दिवस झाले. उत्तर नाही. त्यांनी यातली एखादी चूक दाखवायला तरी फोन करावा, असं फार वाटतं.