बॉयलरवाला शेजारी

नांदुऱ्याच्या एमआयडीसीत कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या माझ्या जिनिंगला लागून त्याची तेलगिरणी आहे. कुणी काहीही फेकलं की तो ते उचलतो, हुंगतो, बोटांत चोळतो आणि विचारतो, "काऊन फेकून राह्यले, शेठ?" माझ्या जिनिंगचा कचरा तो बॉयलरमध्ये जाळायचा आणि बॉयलरची राख समोरचा वीटवाला न्यायचा. माझ्या फुकट मालावर दोघं मोठे होतात, हे मला खुपायचं. कापसावर बोंडअळी पडली त्या वर्षी मी कचऱ्याचा भाव मागितला.

"नाही परवडत, शेठ," म्हणून तो निघून गेला. मीही हट्टाने ढीग कुंपणाशी तसाच ठेवला.

पेरणी तोंडावर आली, तेव्हा तो मला न विचारता ढीग ट्रॉलीत भरताना दिसला. मी आडवा झालो. "आधी भाव बोल बे!"

त्याने ढिगातली एक सरकी फोडली आणि आतली जिवंत गुलाबी अळी माझ्या तळहातावर ठेवली. "कुंपणापल्याड लोकायची वावरं हायेत. पाऊस पडला का हिचे पतंग तिकडेच जातीन. सांगा, हिचा काय भाव लावता?"

मी जन्मभर घासाघीस करून उभा राहिलेला माणूस. पण तळहातावर अळी वळवळत होती. मी ती चिरडली आणि ट्रॉलीपुढून बाजूला झालो.